झोपलेला बैल उद्या मिरवणार

मंडळी, उद्या पोळा. आज हट्टा गावच्या शाळेत पहिलीच्या लेकरांना बैल करायला माती देऊन आलो.

सगळ्यांचे बैल उन्हात वाळत होते. एक पोरगी मात्र ओल्या बोटांनी आपल्या बैलाचे खांदे चोळतच होती.

बाई म्हणाल्या, "पाणी लावू नको, मान पडेल. उद्या काय मिरवशील?"

"आज खांदेमळणी हाय ना! आमचे बाबा बी बैलांचे खांदे चोळून राहिले."

मान पडलीच. पोरीचे डोळे भरले. शेजारचं लेकरू हळूच म्हणालं, "रडू नको गं, झोपलाय त्यो."

मग सगळा वर्ग कुजबुजत बोलू लागला, बाईसुद्धा. उद्या त्याला पाटावर झोपवूनच मिरवायचं ठरलं.

मीही फटफटी फाटकापर्यंत ढकलतच नेली.

मोंढ्याच्या बाजारात खांद्यावर पोती वाहून वर आलेला माणूस मी. सांगा, तुमचे खांदे शेवटचे कोणी चोळले होते?