सव्वादोन शेर, सव्वादोन किलो

माझी थोरली मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली. पुण्याच्या दवाखान्यात महिनाभर ठेवून डॉक्टरीणबाईंनी आम्हाला घरी पाठवलं, कारण खाटा कमी होत्या. निघताना कागदावर लिहून दिलं: पाच पौंड, अठरा इंच. एवढी झाली की काळजी मिटली. "दर आठवड्याला वजन करा," त्या म्हणाल्या. "हळू वाढली तरी चालेल. पण घटली तर त्याच दिवशी घेऊन या, थांबू नका." तेव्हा तिचं वजन चार पौंडही नव्हतं.

आम्ही नगरकडचे. नवरा पिंपरीच्या नव्या कारखान्यात लागला म्हणून तिथे दोन खोल्यांत राहायचो. जवळ ना सासू, ना आई. शेजारणींना सल्ले द्यायची भारी हौस, पण पौंड म्हणजे किती हे एकीलाही ठाऊक नव्हतं. इंचांचं मी जमवलं. अठरा इंच म्हणजे एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, हे शाळेत शिकले होते. मुलीला हातावर आडवं घेतलं की किती कमी पडते ते दिसायचं. नवऱ्याच्या लांब हातावर ती आणखीच तोकडी दिसे, म्हणून मी त्याला मोजूच द्यायचे नाही. पौंडापाशी मात्र अडलं.

समोरच गावातल्या एका जुन्या शेतकरी घराचं किराणा दुकान होतं. दुकानदाराला सगळे दादा म्हणत. माणूस फटकळ, गिऱ्हाइकालाही चार शब्द सुनावल्याशिवाय पुडी बांधायचे नाहीत. माझंही तोंड काही कमी नव्हतं, त्यामुळे आमचं आधी दोनदा वाजलं होतं. तरी कागद घेऊन गेलेच. पूर्वी ते खडकीला लष्कराला भाजी पुरवायचे, तिथे सगळं पौंडात चालायचं.

"अगं पोरी, शेर म्हंजी दोन पौंड आन् वर चिमूटभर," ते म्हणाले. शेराचे सोळा छटाक बोटांच्या पेरांवर फिरवून त्यांनी हिशेब लावला. "अडीच शेराला एक छटाक कमी. तेवढी झाली की झालं तुजं पाच पौंड. हिला घिऊन ये बेस्तरवारी, दुकान उघडायच्या आदी."

त्यानंतर दर गुरुवारी सकाळी दादा ताजव्याचं पारडं उकळत्या पाण्याने धुवायचे. त्यात बायकोचं जुनं मऊ लुगडं घडी करून ठेवायचे, दुसऱ्या पारड्यात तेवढ्याच भाराचे खडे टाकून त्याचा धडा करायचे आणि मग म्हणायचे, "ठिव." लेकराचं वजन बोलून दाखवलं तर दृष्ट लागते, म्हणून ते मोठ्याने ओरडायचे, "गूळ, दोन शेर एक छटाक!" दुकान उघडायची वाट बघणाऱ्या एका गिऱ्हाइकाने खरोखरच विचारलं होतं, गूळ कसा दिला. मी घरी येऊन चुलीशेजारच्या भिंतीवर कोळशाने आकडा लिहायचे. चार आठवड्यांत गूळ दोन शेर पाच छटाकांवर गेला, म्हणजे सव्वादोन शेर आणि वर एक छटाक. त्या भिंतीकडे बघत मी भाकऱ्या थापायचे आणि बहुतेक करपवायचे.

त्याच सुमारास सरकारने शेर काढून किलो आणला. दादांच्या दुकानात काही दिवस दोन्ही वजनं शेजारी शेजारी होती, शेराची गोल आणि किलोची सहाकोनी. ज्याला जे कळेल त्याला ते त्यात मोजून द्यायचे.

पाचव्या गुरुवारी दादा कांदा आणायला चाकणला गेले होते. त्यांच्या बायकोने पारडं धुतलं, धडा केला, वजनं टाकली आणि ती म्हणाली, "गूळ, सव्वादोन!" मी घरी आले, कोळसा उचलला आणि हात तिथेच थांबला. एक छटाक घटला होता. परवा दमून मला डोळा लागला होता आणि तिचं एक पाजणं चुकलं होतं. मीच केलं हे, असं मी मोठ्याने म्हटल्याचं आठवतं. नवरा पहिल्या शिफ्टला होता. पोरीला कापसात गुंडाळलं आणि थेट पुण्याच्या रस्त्याला लागले.

बसच्या थांब्यावर दादा लॉरीतून कांद्याची पोती उतरवून घेत होते. मला बघून पोतं तिथेच टाकून आले. मी रडत रडत सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "वजनं गोल व्हती का सहाकोनी?"

मला काय ठाऊक? मी पोरीच्या तोंडाकडे बघत होते.

"किलो शेरापरीस मोठा आसतोय. किलोची आसतील तर सव्वादोन म्हंजी दोन शेर साडेसहा छटाक. दीड छटाक वाढली." मग हात कोटाला पुसून त्यांनी मुलीला घेतलं, दोन्ही तळव्यांवर जरा खालीवर केलं, डोळे मिटले. "वाढलीया. जल्म गेला माजा तोलन्यात. किलोचीच व्हती."

माझ्या अंगातली सगळी भीती एकदम गेली.

"आता आलीच हायेस तर दावून येऊ डाक्टरला," असं म्हणून दादा पोती तशीच टाकून माझ्याबरोबर बसमध्ये चढले. किती तरी आठवड्यांनी मला गाढ झोप लागली. जाग आली तेव्हा पूल ओलांडून पुणं आलं होतं. पोरगी त्यांच्या मांडीवर होती आणि त्यांचं बोट तिच्या नाकाशी. मला वाटलं, माशी हाकताहेत.

दवाखान्याच्या काट्यावर चार पौंड पंधरा औंस भरले, पाच पौंडाला एकच औंस कमी. डॉक्टरीणबाई हसल्या. दादा मात्र खाली बाकावर बसले आणि त्यांनी पाणी मागितलं.

तीन वर्षांनी मुलगी त्यांच्या दुकानात डाळीच्या पोत्यावर चढत होती, तेव्हा मी सहज म्हटलं, "दादा, मलाही शिकवा हाताने छटाक ओळखायला."

"हातानं छटाक कुनाला कळतोय, पोरी?" ते म्हणाले. "त्या दिशी मला कायबी कळलं न्हाई. तू रडत व्हतीस."

"मग बरोबर कशाला आलात?"

"आमच्या कारभारनीनं वजनं शेराचीच लावली आसली तर? लई भ्या वाटत व्हतं मला."

इतक्या वर्षांत मी त्यांना कितीदा तरी फटकळ म्हटलं असेल. त्या दिवशी पुण्यापर्यंत मी निवांत झोपले, आणि माझ्या वाटणीची भीती मांडीवर घेऊन दादा जागे बसले होते.