लेकीच्या उडीची तपासणी

कारखान्यात माझे काम तपासणीचे. तयार झालेला भाग हाती आला की तो सदोष असणार, असे धरूनच मी मोजायला बसतो.

माझी मुलगी आता दहा-अकरा वर्षांची आहे. तिची बौद्धिक वाढ वयाच्या मागे आहे, आणि दोन्ही पाय एकदम उचलून उडी मारणे तिला कधी जमले नव्हते. जिना उतरताना ती मनगट माझ्यापुढे धरी आणि मी ते पकडत असे. आमच्या शहरातल्या सोनागिरी भागात एका लहानशा केंद्रात अशा मुलांच्या हालचाली खेळांतून सुधारून घेतात. पत्नीच्या आग्रहामुळे तिला तिथे घातले. थोड्याच आठवड्यांत तिथल्या हिंदीभाषक शिक्षिका म्हणाल्या, "भाई साहब, बिटिया अब कूदने लगी है."

पालकांना बरे वाटावे म्हणून असे सांगितले जात असणार, असे मला वाटले. त्याच संध्याकाळी मी घरात फरशीवर खडूने दोन रेषा आखल्या, पट्टीने अंतर सारखे केले आणि लेकीला म्हणालो, "हं, मार उडी."

ती रेषांकडे पाहत राहिली. मग खाली बसून बोटाने खडू पुसू लागली.

"अहो, ती काय पंप आहे?" पत्नी म्हणाली. "बटण दाबलं की चालू?"

"तिथे उडी मारते आणि इथे नाही, हे कसं?"

"तिथे कुणी पट्टी घेऊन उभं राहत नाही."

मी ऐकले नाही. रोज रेषा आखत गेलो. खडू दिसताच लेक आत जाऊन लपू लागली, तेव्हा माझा संशय पक्का झाला. तिला केंद्रातून काढायचे, असे मी ठरवले. पण त्याआधी, कारखान्यातल्या आमच्या रीतीप्रमाणे, न कळवता एकदा पाहणी करायची होती.

केंद्राच्या खिडकीच्या जाळीतून पाहिले. जमिनीवर निळी साडी पसरली होती, ती नदी. शिक्षिका मगर होऊन गुडघ्यांवर फिरत होत्या. माझी लेक काठावर आली, तिने हात मागे झुलवले आणि उडी घेतली. दोन्ही पाय एकदम. पलीकडे बसकण मारून पडली आणि खदखदून हसली.

तरीही माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की मी येणार हे यांना कुणी कळवले तर नाही? त्या विचाराची मला लाज वाटते.

"अरे भाई साहब! छुप-छुपके क्या देख रहे हैं? आइए, मगर कम पड़ रहे हैं." शिक्षिकांनी आतून हाक मारली.

बूट काढून मी नदीत उतरलो. मला पाहताच लेकीचे हसू मावळले. काठावर पाय जुळवून ती थांबली आणि तिने मनगट पुढे केले. माझा हात आपोआप निघाला.

"मगर हाथ नहीं पकड़ता," शिक्षिका हळूच म्हणाल्या, "पैर खाता है."

मी हात मागे घेतला. गुडघे टेकले, तोंड उघडले आणि कधी काढला नव्हता असा आवाज काढला. लेक किंचाळली आणि उडी मारून पार गेली. मी उठू लागलो, तशी दटावून म्हणाली, "बाबा, बस! तू मगर!"

निघताना शिक्षिकांनी विचारले, "कल भेजेंगे न?"

"मैं खुद लाऊँगा."

त्यांनी माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले. "घुटने सँभालिएगा," त्या म्हणाल्या.