खारवलेली लेन्स

नागोराव पहिल्यांदा 'हंसा फोटो स्टुडिओ'त शिरले तेव्हा बोईसर स्टेशनजवळचा तो गाळा दोन इंचांनी तरी रुंदावला, याबद्दल स्टुडिओचा मालक विश्राम याला कधीच शंका नव्हती. दाराची चौकट त्यांना उंचीलाही अपुरी पडली आणि रुंदीलाही. ते तिरके होऊन आत आले आणि "हाय का कोणी?" असं त्यांनी विचारलं, तर पडद्यावर रंगवलेल्या काश्मीरच्या सरोवराला लाटा आल्या. स्टुलावर पासपोर्ट फोटोसाठी एक गिऱ्हाईक बसलं होतं. त्याचे डोळे असे विस्फारले की त्या फोटोवरून सख्ख्या आईनेही त्याला ओळखलं नसतं. समोरच्या टपरीवाल्याने तर ऑर्डर आली समजून दोन कटिंग चहा पाठवून दिले.

हे साल त्र्याऐंशी. नागोराव नांदेडकडचे, तारापूरच्या वीज केंद्रात फिटर, राहायला तिथल्याच वसाहतीत. गळ्यात कॅमेरा. विश्रामने तो पाहिला आणि आपला कॅमेरा त्याच्या शेजारी धरला. दोन्ही एकाच जपानी कंपनीचे. पुढच्या लेन्सही तंतोतंत सारख्या, पन्नास मिलिमीटरच्या. परमुलखात आपल्या आळीतला माणूस भेटावा तसे दोघं एकमेकांकडे पाहून हसले आणि आलेले दोन कटिंग त्यांनीच संपवले.

विश्राम नवापूरच्या किनाऱ्यावरचा. बाप, काका, तिन्ही भाऊ, सगळे होडीवर. विश्रामला मात्र समुद्र लागायचा. होडी खुंटाला बांधलेली असली तरी त्याच्या पोटात ढवळायचं. "नाखव्याचा पोर न् दर्याला बघून वकतो," असं म्हणत गावाने त्याला विशीपर्यंत पोसलं. मग बोटीवर नोकरीला असलेल्या मावसभावाने कॅमेरा आणून दिला आणि विश्राम कोरड्या जमिनीवर उभं राहून दुसऱ्यांच्या होड्यांचे फोटो काढू लागला. स्टुडिओला त्याने बायकोचं नाव दिलं. त्याबद्दल हंसाने आभार मानले नाहीत. पाटीवर रंग कमी लावला एवढंच म्हणाली.

पुढच्या जूनमध्ये नागोरावांनी साठवलेली सगळी रजा काढली. वडिलांचा पाय मोडला होता, पेरणी अडली होती. ते बायको सोजराबाई आणि तान्ह्या मुलीला घेऊन गावी निघाले आणि जाताना कॅमेरा विश्रामच्या हवाली करून गेले.

"क्वार्टरच्या भिंतीला पावसाळ्यात पाझर फुटतो बघा. तुम्ही धंद्यातले मानसं, तुमच्यापाशी सुखात राहील."

"बिनघोर जावा," विश्राम म्हणाला. "पोटच्या पोरासारखा जपतो."

आणि विश्रामने खरंच जपायचं ठरवलं. त्याचं घर तीन पिढ्या मासे खारवत आलेलं. जे नासू नये ते मिठात, हे त्याच्या रक्तात होतं. सुरमई वर्षभर टिकते, तर जपानी काच का टिकू नये? त्याने आईची चिनीमातीची बरणी आणली, तळाला मिठागरातलं जाडं मीठ घातलं, लेन्स मलमलीत गुंडाळून आत निजवली आणि वरून पुन्हा मीठ पसरलं.

"तोंडी लावायला काढाल कदी?" हंसाने विचारलं.

"तुला शास्त्र कलत नाय."

बरणीत जागा एकाच लेन्सची होती. पावसाळ्यात गिऱ्हाईक नसल्यातच जमा, म्हणून या मानाच्या जागी विश्रामने स्वतःची लेन्स ठेवली. नागोरावांची गेली तांदळाच्या डब्यात. तेव्हाही त्याला किंचित अपराधी वाटलं होतं, पण पाहुण्याला ओसरीवर झोपवल्याइतपतच.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी त्याने बरणी उघडली. मिठाला पाणी सुटलं होतं. मलमल चिंब. लेन्सची कडी करकरत होती आणि काचेच्या आत पांढरी जाळी पसरली होती. तांदळातली लेन्स मात्र नव्या नवरीसारखी लख्ख.

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर नटलेल्या होड्यांचे फोटो विश्रामने नागोरावांच्या लेन्सने काढले. एक दिवसापुरते. मग आणखी एक दिवसापुरते. मधल्या काळात त्याने खराब लेन्स बाहेरून रॉकेलच्या फडक्याने इतकी घासली की ती चांगलीपेक्षा नवी दिसू लागली. दुरुस्ती करतोय, असं तो स्वतःला सांगत होता.

पोळा करून नागोराव परतले. सोजराबाई बरोबर होत्या. विश्राम आत गेला, नागोरावांचा कॅमेरा घेतला आणि त्यावर खराब लेन्स चढवून बाहेर आला. हे त्याने केलं. आपण नाही, हातानेच केलं, नकळत झालं, असल्या पळवाटा त्याने नंतर पुष्कळ शोधल्या, पण त्या त्यालाच पटल्या नाहीत.

नागोरावांनी लेन्स उजेडाकडे धरली. बराच वेळ धरली.

"आत जाळं धरलंय की," ते म्हणाले. नागोराव बायकोकडे वळले. "सोजरा, निघायच्या दिवशी तूच पुसली व्हतीस ना? पदरानं? तू भांडी घासून उठली व्हतीस."

"व्हय," सोजराबाई म्हणाल्या आणि आपल्या हातांकडे पाहू लागल्या. "म्या पुसली व्हती."

"तरी म्हणलं! वली राहिली असंल आत. विश्रामभाऊ, तुम्ही काय करनार? तुमच्या जिवाला लावून घेऊ नका." नागोरावांनी लेन्स काढून काउंटरवर ठेवली. "ठेवा तुमच्यापाशीच. सुटे भाग तरी कामाला येतील."

अशा रीतीने विश्राम दोन सारख्या लेन्सचा मालक झाला.

कपाट उघडलं की त्या शेजारी शेजारी बसून त्याच्याकडे बघत. हंसा म्हणे, "दोन दोन कशाला पालता? आंधली फेकून द्या." पण फेकायची कशी? ती एकटीच खरी त्याची होती. चांगली ठेवावी तर ती चोरीची, परत द्यावी तर लग्नसराईत काय डोळ्याने फोटो काढायचे? विश्रामने तोडगा काढला : तुळशीचं लग्न होईपर्यंत दोन्ही ठेवू. तुळशीचं लग्न झालं. मग मार्गशीर्षातली लग्नं लागली. कुंभवलीतल्या कारखान्यांतली पोरं त्या साली जणू ठरवून बोहल्यावर चढत होती.

माघात नागोराव लेकीच्या पहिल्या वाढदिवसाचा फोटो काढायला आले. त्यांचा कॅमेरा ट्रंकेत गेला होता. विश्रामने काश्मीर खाली सोडलं, दिवे लावले आणि नागोरावांच्या लेन्समधून नागोरावांकडे पाहिलं.

"तुमच्या लेन्सचं कामच न्यारं," नागोराव कौतुकाने म्हणाले. "आमची इतकं साफ कधी काढीत नव्हती."

विश्राम घाईने सोजराबाईंकडे वळला. "वहिनी, पोरीला जरा धरा. अन् त्या फुलदाणीच्या स्टँडाला हात लावून उभ्या राहा, छान दिसंल."

सोजराबाईंनी मुलीला घेतलं, पण स्टँडपासून वीतभर दूर सरकल्या. "नको बापा. माझ्या हातानं एकदा नासलं तेवढं बास. म्या आता यांच्या घड्याळालासुद्धा शिवत न्हाई."

विश्रामने फोटो काढला. तो हलला. पुन्हा काढला, तोही हलला. तिसरा काढून झाल्यावर त्याने दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन लाल दिव्याखाली फोटो धुवायला घेतले. ओल्या कागदावर सोजराबाई वर आल्या तेव्हा त्यांचा मोकळा हात पदराखाली लपवलेला होता.

दुसऱ्या दिवशी तो सायकलवरून वसाहतीत गेला. फोटो आणि लेन्स टेबलावर ठेवून त्याने उभ्यानेच सगळं सांगितलं. बरणी, मीठ, तांदूळ, रॉकेल, काउंटर. सोजराबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. वाटेत त्याने ठरवलं होतं की नागोराव ओरडले तर मान खाली घालून ऐकायचं. त्या आवाजाची त्याला आता गरज होती.

"मिठात?" नागोरावांनी विचारलं.

"हो."

"अन् आमची तांदळात."

"हो."

"अन् हिनं कबूल केलं तवा तुम्ही तिथंच व्हता."

नागोरावांचा तो आवाज, ज्याने सरोवर हललं होतं, या वेळी शेजारच्या खोलीपर्यंतही गेला नसता. त्यांनी लेन्स उचलून कॅमेऱ्याच्या ट्रंकेत ठेवली आणि झाकण लावलं. "चहा घ्या," ते म्हणाले. सोजराबाईंनी चहा आणला. विश्राम तो प्यायला आणि निघाला.

ती लग्नसराई त्याने खारवलेल्या लेन्सवर काढली. सगळी वऱ्हाडं धुक्यातून आल्यासारखी दिसली. एका वधूच्या आईला ते फार आवडलं.

नागोरावांच्या लेकीच्या दुसऱ्या वाढदिवसाचा फोटो पालघरला काढला गेला. पुढचेही सगळे तिथेच.