खोकणारी मंडळी

सेक्रेटरीसाहेबांची जीप दारात थांबली तेव्हा माझ्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. ते बघून मला घामच फुटला.

मी त्या चर्चचा पाळक. आदल्या रविवारी तिथं मी, माझी बायको सुशीला आणि आमची चार वर्षांची मुलगी, एवढेच होतो. भक्तीला जमणाऱ्या लोकांना आम्ही ख्रिस्ती 'मंडळी' म्हणतो. आमची मंडळी बायकोपासून सुरू व्हायची आणि मुलीपाशी संपायची.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. नागपूरच्या आमच्या मिशनच्या ऑफिसनं मला कुहीजवळच्या एका खेड्यात स्टेशन दिलं होतं. स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे. पाळक नेमतात ती जागा. एक खोली, वर टिनाचे पत्रे. मला देवाचं पाचारण झालं होतं, म्हणजे देवानंच बोलावून या कामाला जुंपलं होतं. त्याच सुमाराला रामदासपेठेतल्या एका हॉस्पिटलात क्लार्कची जागा मिळत होती. ती सोडून मी इकडे आलो. कुठं जायचं ते देवानं सांगितलं, किती वर्षं वाट बघायची ते सांगितलं नाही. त्याचं हे नेहमीचंच.

सात वर्षं झाली. गावकरी अर्ज लिहून घ्यायला यायचे, थर्मामीटर मागायला यायचे. मी येशूबद्दल बोलू लागलो की म्हणायचे, "हो पाद्रीबुवा, चांगला देव हाये," आणि थर्मामीटर घेऊन चालते व्हायचे. वार्षिक रिपोर्टात 'नवीन बाप्तिस्मे', म्हणजे पाण्याचा विधी घेऊन किती जण ख्रिस्ती झाले, असा रकाना असे. दर वर्षी मी त्यात शून्य भरायचो. अखेर ऑफिसच्या सेक्रेटरीसाहेबांचं पत्र आलं. रविवारी तपासणीला येतो, काम दिसलं नाही तर स्टेशन बंद. मग मला नागपुरात होस्टेलचा वॉर्डन करणार होते. पोरं वेळेवर अंघोळ करतात का ते बघायचं. त्यासाठी देव कुणाला बोलावत नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

आणि त्या रविवारी ही गर्दी. मी सुशीलाकडे बघितलं.

"मी काही नाही केलं," ती म्हणाली. "विहिरीवर कौसल्याबाईंना सांगितलं फक्त. स्टेशन बंद होणार म्हणून."

म्हणजे दवंडीच पिटली की! ऐन धानकापणीत माणसं शेतं टाकून आली होती. भजनी मंडळाचे गणपतराव टाळ-मृदंगासकट पुढं बसले होते. शाळेतले मेश्राम गुरुजी दाराशी मला म्हणाले, "बुवा, आमी हात नाई जोडणार. छप्पन साली देव सोडले आमी. पण तुमच्यासाठी बसून राहू."

भक्ती सुरू झाली. गणपतरावांनी मला न विचारताच भजन धरलं. भजन विठ्ठलाचंच, पण चर्चमध्ये त्याचं नाव कसं घ्यायचं? नाव आलं की गणपतराव जोरात खोकायचे. मागचे सगळे तालात खोकायचे.

"इकडे सर्दीची साथ आहे वाटतं," साहेब म्हणाले. मग माझ्या कानाशी लागले. "अहो, एवढी माणसं! आणि रिपोर्टात शून्य?"

मी नुसता हसलो. दोन भजनं होईपर्यंत गप्प बसलो. तेवढा वेळ मी खोटारडा होतो, आणि खरं सांगतो, फार बरं वाटत होतं. खोली सात वर्षांत पहिल्यांदा भरली होती. वाटलं, देवानंच पाठवले असतील. आपण कशाला चौकशी करा?

साहेबांनी मात्र चौकशी केली. पुढं बसलेल्या कौसल्याबाईंना विचारलं, "आजी, बाप्तिस्मा कधी घेतला?"

म्हातारीनं पदर सारून दंड पुढं केला. "दोन डाव घेतला, बाबू. हे पाहा. दुसऱ्या टायमाले लय ताप आला होता."

दंडावर देवीच्या लसीचे वण होते.

कुणीही हसलं नाही. उत्तर बरोबर आलं असंच सगळ्यांना वाटत होतं. मला मात्र लाज वाटली. माझ्या नोकरीसाठी ती बिचारी दंड उघडा करून बसली होती. मी उठलो.

"साहेब, यातलं आपलं कुणी नाही. आकडा शून्यच आहे."

गणपतराव भडकले. "काहून गा पाद्रीबुवा? आमी धान टाकून आलो, अन् तुमी आता खरं बोलून राहिले?"

"मग तुम्ही आलात कशाला?" साहेबांनी त्यांना विचारलं.

"ह्या माणसासाठी. दर रविवारी रिकाम्या खोलीत वरडत राहते. भितीपल्याड आमाले सारं ऐकू येते. एकेका घराचं नाव घेऊन देवाले मागते. माह्या म्हशीसाठी मागतलं. गुरुजीच्या पोराच्या नोकरीसाठी मागतलं. हा गेला तं आमचे नावं कोण घेईन?"

"नोकरी काही लागली नाई अजून," मेश्राम गुरुजी म्हणाले. "पण यानं मागणं सोडलं नाई."

मला रडू आलं. माझं कुणी ऐकत नाही, असं सात वर्षं मी धरून चाललो होतो. देवाबद्दलही तोच संशय होता.

साहेबांनी फॉर्म काढला. रकान्यात शून्य लिहिलं, सही केली, सुशीलानं दिलेला चहा प्याले. जीपमध्ये बसताना म्हणाले, "आणखी एक वर्ष बघू. ऑफिसला काय सांगायचं ते माझ्यावर सोडा."

पुढच्या रविवारी मंडळीत पुन्हा आम्ही तिघंच. गाव कापणीला गेलं होतं.

त्या एका वर्षाची पुढं नऊ वर्षं झाली. शून्याचे दोन झाले. त्यातली एक माझी मुलगी.

आता नवे पाळक सल्ला मागायला येतात. मी एवढंच सांगतो, रिपोर्ट खरा भरा आणि प्रार्थना मोठ्यानं करा. वर ऐकू जातं की नाही ते मेल्यावर कळेल. शेजाऱ्यांना मात्र जातं.