दुसरी खेप

माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या कागदावर सही माझ्या नवऱ्याची आहे. मी तिथेच होते, पूर्ण शुद्धीवर होते. पण नर्स कागद घेऊन माझ्या खाटेजवळून पुढे गेली आणि दारात उभ्या असलेल्या नवऱ्याच्या हातात तिनं पेन दिलं. बाळ पायाळू होतं, सिझर करावं लागणार होतं. निर्णय योग्यच होता, असं मला आजही वाटतं. फक्त तो मला कळला ओटीकडे, म्हणजे ऑपरेशन थिएटरकडे नेताना, स्ट्रेचर ढकलणाऱ्या मावशींकडून. "घाबरू नका बाई, पायाळू पोरं नशीबवान असतात," असं त्या म्हणाल्या, तेव्हा मला समजलं की आपलं बाळ पायाळू आहे.

मुलगा छान झाला. जखमही वेळेवर भरली. पुढे कित्येक महिने मला आतून काहीतरी खुपत राहिलं, पण ते सांगायला गेलं की समोरचं माणूस म्हणायचं, बाळ धडधाकट आहे ना, मग झालं तर. तिथे विषय संपायचा. मी सोलापुरातल्या एका हायस्कुलात शिकवते. दिवसभर बोलणं हेच माझं काम, आणि ही एक गोष्ट मला नीट सांगता येत नव्हती.

पाच वर्षांनी पुन्हा दिवस राहिले. शाळेतल्या एका बाईंच्या बहिणीचं पहिलं सिझर होऊन दुसरं बाळंतपण नॉर्मल झालं होतं, हे मी स्टाफरूममध्ये ऐकलं होतं. तेव्हापासून ते माझ्या डोक्यात होतं. मला काही पराक्रम करून दाखवायचा नव्हता. या वेळी जे होईल ते मला माहीत असावं, माझ्यासमोर व्हावं, एवढंच वाटत होतं.

पाचव्या महिन्यात मी पहिलं बाळंतपण झालं त्याच नर्सिंग होममधल्या डॉक्टरबाईंना विचारलं. त्या उडवून लावतील या तयारीनंच मी गेले होते. त्यांनी जुनी फाइल वाचली, सोनोग्राफी पाहिली आणि चष्मा काढून ठेवला.

"तुमच्या बाबतीत प्रयत्न करता येईल," त्या म्हणाल्या. "पण माझ्याकडे नाही. माझा भूलतज्ज्ञ तीन दवाखाने फिरतो. फोन केल्यावर यायला त्याला पाऊण तास लागतो. कळा देताना जुना टाका उसवला, तर माझ्या हातात पाऊण तास नसतो. म्हणून मी सगळ्यांना सिझरच सांगते."

पाच वर्षं ज्या बाईवर मी मनातल्या मनात रागावले होते, ती मला पहिल्यांदाच काहीतरी खरं सांगत होती. चोवीस तास ओटी चालू असलेलं, शहराच्या दुसऱ्या टोकाचं एका ट्रस्टचं मोठं रुग्णालयही त्यांनीच सुचवलं. तिथे गर्दी असते, शिकाऊ डॉक्टर असतात, लाड होणार नाहीत, हेही बजावलं.

घरी हे कुणालाच पटलं नाही. सासूबाई नातेपुत्याहून आल्या होत्या, त्यांनी भटजींना विचारून सिझरसाठी चांगला दिवसही काढून ठेवला होता. त्यांच्या दृष्टीनं तो सोयीचा मामला होता. "एकदा पोट चिरलंय न्हवं," त्या म्हणाल्या, "मग आता कशाला जिवाला घोर लावून घेतीस? आमच्या वक्ताला आसली सोय कुटं हुती?" त्यांची चार बाळंतपणं घरात झालेली, त्यातलं एक मूल गेलेलं. नवरा मध्ये सापडला. त्यानं शेवटी एवढंच म्हटलं की तू म्हणशील तिकडे जाऊ, पण काही बरंवाईट झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही. तो हो म्हणाला खरा, पण ओझं माझ्याच अंगावर आलं.

मोठ्या रुग्णालयातल्या वरिष्ठ डॉक्टरांनी अटी घातल्या. कळा सुरू झाल्या की लगेच यायचं. आत नातेवाईक नाहीत. पोटाला बाळाचे ठोके मोजणारा पट्टा बांधून पडून राहायचं. आणि त्यांनी सिझर म्हटलं की वाद नाही. मी सगळ्याला मान हलवली. हो म्हणायची मला इतकी घाई झाली होती की पडूनच का राहायचं, हे विचारायचं मला सुचलंही नाही.

कळा पहाटे सुरू झाल्या आणि सातला आम्ही पोचलो. नवरा आणि सासूबाई बाहेरच्या बाकावर थांबले. लेबर रूममध्ये चार खाटा होत्या, मध्ये हिरवे पडदे. शिकाऊ डॉक्टर पंचविशीतली, दोन दिवस झोपली नसावी अशी दिसत होती. तिनं माझी फाइल पाहून सांगितलं की तुमच्या केसवर सगळ्यांचं लक्ष आहे, सहकार्य करा, नाहीतर सरांना सिझर सांगायला वेळ लागणार नाही. ती धमकी देत नव्हती. तिला जे दिसत होतं तेच ती सांगत होती. मी मात्र तेव्हाच ठरवलं की आज शहाण्या मुलीसारखं वागायचं. कण्हायचं नाही, काही मागायचं नाही, कुणाच्या नजरेत यायचं नाही.

शेजारच्या खाटेवर बावीस-तेवीस वर्षांची एक मुलगी होती. तिचा नवरा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर टॉवेल विणायचा. ती स्वतः तेलंगणातून लग्न होऊन आलेली, घरात सगळे तेलुगूच बोलणारे, त्यामुळे मराठी तिला जेमतेम यायचं. तिच्या कळा आदल्या दिवसापासून सुरू होत्या. डॉक्टर येऊन तपासायची आणि म्हणायची, पहिलटकरणीला वेळ लागतोच, धीर धर. मुलगी काहीतरी बोलायला तोंड उघडायची, तोवर डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेलेली असायची.

नऊच्या सुमाराला तिनं पडदा बाजूला केला आणि माझ्याकडे पाहिलं. मला ती अक्का म्हणाली. तुटक मराठीत आणि हातवाऱ्यांनी तिनं जे सांगितलं ते असं होतं. तिची ही पहिली खेप नव्हती, दुसरी होती. पहिलं बाळंतपण माहेरी झालं होतं. दोन दिवस बाळ अडकून बसलं आणि बाहेर आलं तेव्हा त्याच्यात जीव नव्हता. इथे नाव नोंदवताना सगळी माहिती सासूनं दिली होती. गेलेल्या मुलाचं नाव काढणं तिला अशुभ वाटलं, म्हणून तिनं पहिलीच वेळ असं लिहून घेतलं. मुलीला या वेळी ऑपरेशन हवं होतं.

"मला कापू दे," ती म्हणाली. "अक्का, तुमी सांगा की डॉक्टरला."

मी सांगते म्हटलं, आणि सांगितलं नाही.

हे लिहायला मला बरीच वर्षं लागली. तेव्हा मी स्वतःला कारणं दिली. त्यांच्या घरातली गोष्ट, आपण कशी उघडी करायची. डॉक्टर रोज शेकडो बायका बघतात, त्यांना कळत असेलच. माझ्याही कळा वाढत होत्या, हेही खरं. पण आतलं कारण वेगळं होतं. डॉक्टर दोनदा माझ्याजवळ आली, ठोके बघून छान म्हणाली, आणि दोन्ही वेळा मी गप्प राहिले. मला भीती होती की मी दुसऱ्याच्या केसमध्ये तोंड घातलं तर ही वैतागेल, आणि वैतागली की माझ्यासाठी थांबणार नाही. जे मला नको होतं तेच पलीकडची मुलगी मागत होती, आणि माझं मला मिळावं म्हणून मी तिचं तोंड बंद ठेवत होते.

एक वाजला तेव्हा ती ओरडायचीही थांबली. पडद्यापलीकडून नुसता श्वास ऐकू येत होता. ती शांतता मला सहन झाली नाही. तिथल्या मोठ्या सिस्टर, पन्नाशीच्या मुस्लिम बाई, माझं सलाइन बदलायला आल्या तेव्हा मी त्यांचा हात धरला आणि सगळं सांगून टाकलं.

त्यांचा हात थांबला. "हे तिनं तुम्हाला कधी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच," मी म्हणाले.

सिस्टर धावत गेल्या. शिकाऊ डॉक्टर आली, तिचा चेहरा उतरला होता. मुलीला विचारायला त्यांनी फरशी पुसणाऱ्या मावशींना बोलावलं. त्या मावशी विणकरांच्या वस्तीतल्या, तेलुगू त्यांची घरची भाषा. सकाळपासून त्या चार पावलांवर पोछा मारत होत्या. मावशींनी डोक्यावरून हात फिरवत एक प्रश्न विचारला आणि ती मुलगी जी बोलायला लागली, ती मिनिटभर थांबली नाही. मला त्यातलं काहीच समजलं नाही. पण सकाळपासून तुटक बोलणाऱ्या त्या मुलीचा आवाज इतका भरभरून आहे, हे मला तेव्हा कळलं.

पुढचं भराभर झालं. वरिष्ठ डॉक्टर आले. त्यांनी तपासलं आणि शिकाऊ डॉक्टरला एवढंच म्हणाले की पहिली खेप समजून थांबलो, दुसरी आहे हे कळलं असतं तर दोन तासांपूर्वीच ऑपरेशनला घेतलं असतं. त्यांनी मुलीला मावशींमार्फत विचारलं, ऑपरेशन करू का. तिनं दोन्ही हात जोडले. अर्ध्या तासात ती ओटीत होती.

मग माझी वेळ आली. पाठीवर पडून कळा सोसणं मला जमेना. एकदा उठून उभं राहू द्या, असं मी सकाळपासून पहिल्यांदाच काहीतरी मागितलं. पट्टा निघेल म्हणून डॉक्टर नाही म्हणाली. सिस्टरांनी तिच्याकडे बघितलं, मला डाव्या कुशीवर वळवलं आणि पट्टा आपल्या हातानं धरून ठेवला. तास-दीड तास त्या तशाच उभ्या होत्या. मध्येच म्हणाल्या, "माझी तीन झाली, तिन्ही वेळा मला असंच वळावंसं वाटलं. कुणी वळू दिलं नाही."

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मुलगी झाली, नॉर्मल. ती बाहेर आलेली मी डोळ्यांनी पाहिली, ओलीचिंब, रागावलेली. त्या आनंदाबद्दल मला काही कमी करून सांगायचं नाही. टाके घालायला लागले तेव्हा कळलं की शेवटच्या क्षणी मला खाली कापलं होतं. गरज असेलही. पण कापू का, असं कुणी विचारलं नव्हतं, कापतोय असं सांगितलंही नव्हतं. सासूबाईंनी बाहेर सगळ्यांना सांगितलं की सुनेनं म्हटलं ते करून दाखवलं.

शेजारच्या मुलीला मुलगा झाला होता. त्याला दोन दिवस काचेच्या पेटीत ठेवलं, मग तिच्याकडे दिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी वॉर्डात पुन्हा समोरासमोर आलो. तिचं ऑपरेशन झाल्यामुळे ती पडूनच होती, मी माझ्या मुलीला घेऊन तिच्या खाटेशी गेले. बाळ बघितलं, चांगलं दिसतंय म्हणाले. ती हसली, बाळाचं टोपडं सारखं केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अक्का, तुमी सकाळीच सांगितला असता तर बरं झालं असतं की."

आवाजात राग नव्हता, रडणंही नव्हतं. मला वाटलं, दुखत होतं, सुचलं नाही, असं काहीतरी बोलावं. तिला तेवढं मराठी नक्की समजलं असतं. मी फक्त हो म्हणाले. ती मान हलवून पुन्हा बाळाकडे वळली.

थोड्या वेळानं नर्स येऊन तिला आज चालायचंय असं सांगून गेली. तिनं सरळ उठायचा प्रयत्न केला आणि पोट धरून तशीच मागे पडली. मी माझ्या मुलीला खाटेच्या कडेला ठेवलं. मराठीत सांगण्यात वेळ न घालवता मी शेजारच्या रिकाम्या खाटेवर आडवी झाले आणि पहिल्या खेपेला सिझरनंतर मी कशी उठायचे ते तिला करून दाखवलं. आधी गुडघे जवळ घ्यायचे, मग कुशीवर वळायचं, खालचं कोपर टेकायचं, पाय खाली सोडायचे, आणि मगच उठायचं. ती लक्ष देऊन बघत होती. दुसऱ्या वेळी तिला जमलं. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, मी तिच्या कमरेला धरलं, आणि आम्ही खिडकीपर्यंत जाऊन परत आलो.