इरल्यातला म्हातारा

महाबळेश्वरच्या पावसाला लोक चार दिवसांत कंटाळतात. जोतिबा चोरगे तो चार महिने काढायचा, आणि तोही एकटा. ज्येष्ठ लागला की डोंगरावरच्या त्या थोरल्या हॉटेलातले साहेबलोक, खानसामे, माळी सगळे खाली उतरत. पावसाचा मारा लागू नये म्हणून भिंतींना गवताच्या ताट्या बांधल्या जात, दारांना कुलपं लागत आणि किल्ल्यांचा जुडगा जोतिबाच्या हाती येई. मग दिवाळीपर्यंत माणसाचं तोंड दिसलंच तर एखाद्या चुकार टपालवाल्याचं.

लोक म्हणत, याला माणसांचं वावडं आहे. साफ खोटं! जोतिबाला माणसं फार लागत. पहिल्या महायुद्धात तो फौजेबरोबर पार इराकात, बसऱ्याला जाऊन आला होता. तिथल्या गोष्टी सांगायला बसला की त्याला हाताला धरून उठवावं लागे. पण बायको भामाबाई तापानं गेली आणि एकुलती एक लेक चंद्रा इस्लामपूरला दिलेली. "आबा, हिकडंच येऊन ऱ्हावा की," असं ती दर उन्हाळ्यात म्हणे. लेकीच्या दारात बापानं ताट मांडून बसायचं नसतं, हे जोतिबाच्या डोक्यात पक्कं. मोडेन पण वाकणार नाही, अशातली गत.

दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत एका मडमेनं मायदेशी जाताना हॉटेलला एक रेशमी चित्र भेट दिलं होतं. नवरा हाँगकाँगला असताना तिनं ते घेतलेलं. बिलियर्डच्या खोलीत ते टांगलं, पण अशा जागी की दार उघडलं की चित्र दाराआड. हंगामात दार सदा उघडं, त्यामुळं ते कुणाला दिसलंच नाही. दिसलं फक्त जोतिबाला, कारण दारं मिटण्याचं काम त्याचं.

उंच डोंगर, निम्मे धुक्यात. खाली पाणी, पाण्यात होडी आणि होडीत पाठमोरा बसलेला एक म्हातारा. चित्र चीनचं, पण म्हाताऱ्याच्या अंगावर चक्क गवताचं इरलं होतं, जावळीच्या खोऱ्यात भात लावताना घेतात तसलंच. जोतिबा पहिल्यांदा बघून हसलाच.

"आवं, तुमी हिकडं कसं?"

तिथून पुढं पावसाळा सोपा झाला. संध्याकाळी भाकरी खाऊन जोतिबा कंदील घेऊन त्या खोलीत बसे. बसऱ्याच्या गोष्टी झाल्या, भावकीच्या कागाळ्या झाल्या. एकदा बोलता बोलता तो म्हणाला, "भामा गेली तवा मी हितं वरच हुतो. दरड पडल्याली, खाली उतराय वाट न्हवती." हे त्यानं चंद्रालाही कधी सांगितलं नव्हतं.

सत्तेचाळीसच्या पावसात चित्राच्या कडेला पांढरी बुरशी धरली. जोतिबाचा जीव थोडा थोडा झाला. मग त्यानं तेच केलं, जे खोऱ्यातलं प्रत्येक घर बियाण्याचं करतं. मक्याची कणसं टांगतात तसं त्यानं चित्र आपल्या खोलीत आणून चुलीवर धुरात टांगलं. बुरशी गेली, पण चित्रातलं आभाळही चहाच्या रंगाचं झालं. करायला गेला गणपती अन् झाला मारुती!

दिवाळीआधी हॉटेल उघडलं. मॅनेजर अण्णाप्पा मगदूम सांगलीचा. चुलीवरचं चित्र बघून तो किंचाळलाच.

"जोतिबा, आवं ह्ये काय बियाणं हाय व्हय?"

चित्र उजेडात आणलं, मुंबईचे मालक शेटजी आलेलेच होते, त्यांच्यापुढं ठेवलं. शेटजींच्या डोक्याला तेव्हा वेगळाच घोर होता. हॉटेलच्या ताटांवर, चमच्यांवर, पोऱ्यांच्या बटणांवर विलायती मुकुट. इंग्रज तर गेला, आता मुकुट ठेवायचा कशाला? नवं चिन्ह पाहिजे. सिंह काढून पाहिला, तो पाहुण्यांना खायला उठल्यासारखा दिसला. कमळ म्हणावं, तर ते साबणाच्या वडीवरही असतं.

एवढ्यात उतरलेल्या पाहुण्यांतल्या एका जाणकारानं चष्मा लावून चित्र पाहिलं आणि ते तीनशे वर्षांचं तरी असावं, असं सांगितलं. तेव्हा कुठं शेटजींनी आपल्याच हॉटेलातलं चित्र पहिल्यांदा धड बघितलं. डोंगर, धुकं, पाणी.

"अरे, हे तर आपलंच महाबळेश्वर!" ते म्हणाले. जोतिबाची खरडपट्टी तिथंच थांबली आणि चिन्ह ठरलं. चित्र मुंबईला जाणार होतं, साफ व्हायला आणि चित्रकाराकडून उतरवून घ्यायला.

सगळ्यांनी जोतिबाची पाठ थोपटली. तो मात्र धास्तावला.

"परत कवा येनार ह्ये?"

"पावसाच्या आत येतंय की," अण्णाप्पा म्हणाला.

सगळा हंगाम जोतिबानं वाईच्या बाजूनं येणाऱ्या मालाच्या प्रत्येक लॉरीजवळ जाऊन पाहिलं. "नवी नवरी यायची हाय व्हय रं, गड्या?" म्हणून माळी त्याला चिडवत. तो चिडत नसे. पाऊस एकट्यानं काढायची त्याला भीती वाटत होती.

वैशाख सरताना खोकी आली. पेंढ्यातून अण्णाप्पानं नवं कोरं ताट काढलं. काठावर निळे डोंगर, धुकं, पाणी, होडी. होडी रिकामी.

"ह्येच्यातलं म्हातारं कुठं हाय?"

"काढलं त्याला. एवढ्याशा शिक्क्यात माणूस उठत न्हाई, माशी बसल्यागत दिसतंय. शेटजीच म्हणाले, मोकळी होडी बरी."

"आन् खरं चित्र?"

"ते मुंबईच्या हपिसात लावलंय. हितं आणलं तर तुमी पुन्हा धुरात टांगाल की!" अण्णाप्पा हसला. मनानं वाईट नव्हता तो.

जोतिबाला रडू आलं. पन्नाशी ओलांडलेला माणूस, बसऱ्याचा शिपाई, ताटाकडं बघून रडतो हे बरं दिसलं नसतं, म्हणून तो पेंढा गोळा करायला वाकला.

ताट्या बांधून झाल्या, माणसं उतरली, किल्ल्या आल्या. त्या साली घाटात दरड आली आणि टपालवालाही फिरकला नाही. जोतिबा त्या पावसाळ्यात एक शब्द बोलला नाही. ठरवून नव्हे. कुणाशी बोलणार?

पाऊस उघडल्यावर अण्णाप्पा वर आला. फाटकातूनच त्यानं हाक दिली, "जोतिबा, बरं हाय न्हवं?"

'हाय की' म्हणायला जोतिबानं तोंड उघडलं. आवाज आला नाही. तो खाकरला, पुन्हा तोंड उघडलं. नुसतीच हवा आली.

"घसा धरलाय वाटतं. गरम च्या घ्या जरा," म्हणत अण्णाप्पानं त्याच्या हातातून किल्ल्या घेतल्या.

अण्णाप्पानं आणखी काहीतरी बोलावं म्हणून जोतिबा तसाच उभा राहिला. अण्णाप्पा तोवर दारं उघडत पुढं गेला होता.