माझ्या हातची ओटी

त्या वर्षी माझा आणि गंगेचा अबोला होता. आम्ही नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. मखमलाबादच्या मळ्यातली शेवंती, झेंडू घेऊन मी बाजारात जायची तीही तिच्याच काठाने. माझ्या लेकीला दोनदा दिवस गेले, दोन्ही वेळा टिकले नाहीत. तिसऱ्या वेळी मी घाटावर हात जोडून बोलून बसले, "बाई, हिला सातवा लागू दे, माझ्या हाताने तुझी ओटी भरीन." सातवा लागला. पण मधल्या काळात माझे यजमान गेले. दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट.

ओटी भरायची ती सवाष्णीने, हे आमच्याकडे कुणी शिकवावं लागत नाही. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, नवस तुझाच राहील, हात फक्त माझा. तू नको हात लावूस." त्यांच्या मनात वाईट नव्हतं. पण मी मुळातली हट्टी. नवस म्हणजे काय वाणसामान आहे, दुसऱ्याकडून आणवायला? एवढं तोंडाने म्हटलं खरं, पण आतून मी पार घाबरलेली होते. ओटी भरली आणि माझ्या हाताचा दोष पोरीच्या पोटाला लागला तर? आणि नाही भरली, नवस उलटला तर? देवाने मला असं कात्रीत धरावं, याचा फार राग येई. शेवटी एका सकाळी खण, नारळ, तांदूळ पिशवीत घालून कुणाला न सांगता मी निघाले.

रामकुंडाच्या जरा खाली गेले तर तिथे निराळाच पसारा. पाणवेलींत अडकलेले ओटीचे खण, साड्या, प्लास्टिकच्या पिशव्या बायका बाहेर काढत होत्या. धुतलेले खण पायऱ्यांवर वाळत होते. एक चित्रकलेच्या बाई आसपासच्या वस्त्यांतल्या बायकांना घेऊन त्या खणांची भली मोठी गोधडी शिववून घेत होत्या. निळ्या-हिरव्या तुकड्यांची नदी ब्रह्मगिरीपासून तपोवनापर्यंत वळणं घेत गेली होती आणि तिच्या काठाने ज्या त्या बाईने आपापलं काही शिवलं होतं, कुणी चूल, कुणी पाळणा. चित्रकलेच्या बाई कुणाला तरी हसत म्हणत होत्या, "आई म्हणायचं आणि तिच्याच पदराला हात पुसायचे, हे आपल्याला बरं जमतं." मला ते लागलं. माझ्याही पिशवीतलं सगळं प्लास्टिकसकट पाण्यातच जायचं होतं.

मी नुसतीच उभी होते. तेवढ्यात एक म्हातारी ओली साडी घेऊन पुढ्यात आली. "ए बाई, बघत काय ऱ्हायलीस? टोक धर हे." मी टोक धरलं. दोघींनी मिळून साडी पिळली. "पिशवीत काय हाय?" तिने विचारलं, आणि मला एकदम रडूच कोसळलं. अनोळखी बाईजवळ मी नवस, यजमान, लेकीचं पोट, सगळं सांगून मोकळी झाले.

तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आन् गंगेचा नवरा कोन गं?"

"समुद्र म्हणतात," मी डोळे पुसत म्हटलं.

"तो येतो व्हय इथं तिला कुकू लावाया?" ती हसली. "एकटी डोंगरावरनं निघती, मानसांना पाजती, गुरांना पाजती. तिला कुनी इचारलं का, तू सवाशीन हाईस का इधवा? मंग ती तुला कशाला इचारंल?"

तिकडे बायकांची गडबड चालली होती. गोधडीचा शेवटचा कोपरा शिवायचा तर आत पोळीचा घास ठेवायचा असतो, गोधडी उपाशी मिटू नये म्हणून. आणि पोळी आणायला सगळ्याच विसरल्या होत्या. म्हातारीने माझ्या हाताला धरून तिकडे नेलं. "हिच्यापाशी तांदूळ हायती," ती म्हणाली. "खण बी हाय, कोपऱ्यावर लावा." मी बसले. ओंजळीतले थोडे तांदूळ कोपऱ्यात सोडले, त्यावर माझा हिरवा खण ठेवून चार टाके घातले. गाठ मारताना हात थांबला. खण, तांदूळ आणि निळ्या कापडाची नदी. मी गंगेची ओटी भरली होती आणि भीती वाटायची राहूनच गेली होती.

नारळ फोडून सगळ्यांना खोबरं वाटलं. म्हातारीच्या पाया पडावं म्हणून शोधलं, तर ती कुठेच दिसेना. चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, "मला वाटलं, त्या तुमच्याबरोबरच आल्यात." मला वाटलं होतं, ती त्यांच्यातली. कुठल्या तरी खेड्यातली बाई असेल, एस्टीची वेळ झाली असेल, असं सगळे म्हणतात. मी त्यावर कधी वाद घालत नाही.

पुढच्या आठवड्यात लेकीचं डोहाळजेवण होतं. रीतीप्रमाणे मी आत स्वयंपाकघरात पुऱ्या तळत बसले होते. बाहेर सवाष्णींनी ओट्या भरल्या, आणि लेकीचा आवाज आला, "आईने भरल्याशिवाय मी पाटावरून उठणार नाही." मी पदराला हात पुसत दारात आले. जाऊबाईंकडे बघायचा धीर होत नव्हता. त्यांनीच तबक उचललं, माझ्यासमोर धरलं आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "भर बाई. तुझी लेक आहे."

पोरीचं पुढे काय होणार, हे त्या घडीला मला ठाऊक नव्हतं. ती सुखरूप सुटली, नात मांडीवर आली, ते नंतर. पण कृपा म्हणून मला आठवतो तो तबकापुढचा क्षण. आजवर मी देवाशी सौदे करत आले होते, तू हे दे, मी ते देईन. त्या दिवशी काही मागावंसं वाटलंच नाही. "माये, ही तुझीच, तू बघ," एवढंच मनात म्हटलं आणि लेकीच्या पदरात तांदूळ सोडले.